तांबडे रकाने, निळे रकाने

आमच्या एका स्नेह्यांच्या घरी भिंतीवरील दिनदर्शिकेत चौदा-चौदा दिवसांचे रकाने तांबड्या व निळ्या शाईने आखलेले असतात. श्राद्धपक्ष, मंगळागौर, मुलांच्या परीक्षा, सर्वांचा मेळ या रेघांशी घालावयाचा. निळ्या रकान्यात गृहस्थ समुद्रावर, तांबड्यात घरी.

हे गृहस्थ बॉम्बे हाय तेलक्षेत्रावर नोकरीस आहेत. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरांवर, भर समुद्रात, १९७४ साली ‘सागर सम्राट’ या वेधननौकेस तेल लागले आणि १९७६ पासून ते निघू लागले. पोलादी पायांवर उभ्या असलेल्या फलाटांवर बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. जुहूहून हेलिकॉप्टरने निघताना सामानाबरोबर माणसाचेही वजन होते. आगपेटी जवळ बाळगता येत नाही. शिवाय पाण्यात उलट्या केलेल्या हेलिकॉप्टरच्या सांगाड्यातून श्वास रोखून बाहेर पडण्याचे शिक्षण घ्यावे लागते. “बोहल्यावर उभा राहिलो तेव्हाही इतका गुदमरलो नव्हतो,” असे आमचे स्नेही सांगतात. वहिनींना हा विनोद रुचत नाही, आणि आम्ही वहिनींच्या बाजूचे आहोत.

२७ जुलै २००५ रोजी एका जखमी माणसास नौकेवरून फलाटावर घेताना नौका फलाटावर आदळली, वायूची उभी नळी फुटली आणि आग लागली. तो मोठा फलाट थोड्या तासांत नाहीसा झाला. २२ माणसे गेली. आदल्याच दिवशीच्या अतिवृष्टीने मुंबईतील पुष्कळ दूरध्वनी मुके झालेले. आमचे स्नेही दुसऱ्या फलाटावर सुखरूप होते; पण हे घरी कळावयास दुसरा दिवस उजाडला. लग्नास तेव्हा वर्षही झाले नव्हते. ती रात्र सासूबाई व सून दोघींनी देवघरापाशी बसून काढली, एवढेच वहिनी सांगतात. आम्हीही अधिक विचारीत नाही.

एकत्र कुटुंब असल्यामुळे अशा घराचे चाक अडत नाही, ही गोष्ट खरी. औषधपाणी दीर बघतात, अभ्यास आजोबा घेतात. पण रिकामी जागा इतकी नीट भरून निघते की, परतलेल्या माणसास बसावयास जागाच उरत नाही! गेल्या चाचणीनंतर धाकट्याने प्रगतिपुस्तक आणले ते थेट आजोबांपुढे धरले. वडील शेजारीच झोपाळ्यावर, खिशात लेखणी लावून बसलेले. मुलाच्या मनात काहीच नव्हते. निळ्या पंधरवड्याची सवय तांबड्यात चालू राहिली, इतकेच. स्नेही हसले, आणि उठून उगाच अंगणातील नळ दुरुस्त करू लागले. तो नळ बिघडलेला नव्हता.

ज्या समुद्रातील वायूपासून उरण येथे स्वयंपाकाचा गॅस वेगळा काढतात, तेथे राबणारा माणूस स्वतःच्या स्वयंपाकघरात पहिले दोन दिवस पाहुण्यासारखा पाणी मागून पितो. त्याला माठाची नवी जागा ठाऊक नसते.

वहिनींनी रात्री कोणाशी चर्चा केली नाही. पुढचे प्रगतिपुस्तक निळ्या रकान्यात आले, तेव्हा आजोबांनी चष्मा मागितला. वहिनींनी पुस्तक घेऊन कपाटात ठेवले आणि वर्गशिक्षिकेस चिठ्ठी लिहिली: “सही नऊ दिवसांनी होईल. मुलाचे वडील कामावर आहेत.”

शिक्षिकेने मान्य केले. आजोबा मात्र दोन दिवस रुसले होते.