खेळाचा पडदा कोणता घ्यावा ?

परीक्षा संपल्या म्हणजे पुष्कळ घरांतून एक मागणी हटकून निघते : चिरंजीवांस खेळाचा मॉनिटर हवा असतो. आमच्या शिक्षकीच्या दिवसांत मॉनिटर म्हणजे वर्गांत शांतता राखणारा मुलगा; हल्लींच्या मॉनिटरमुळें घरांतील शांतता जाते, ती बहुधा कोणता घ्यावा या वादानें. मुलगा म्हणतो, ओलेडच पाहिजे. काका म्हणतात, पडदा तो पडदा, स्वस्त असेल तो आणा. आणि दुकानदार खोक्यावरच्या '१ मिलिसेकंद' या आंकड्यावर बोट ठेवून मोकळा होतो. या विषयीं आमच्याकडे इतकी विचारणा झाली कीं, या सदरांतच त्याचा परामर्श घ्यावा असें आम्हीं ठरविलें.

आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. खोक्यावरचे आंकडे मागाहून पाहावेत. आधीं तो पडदा कोणत्या खोलींत, कोणत्या उजेडांत राहणार, आणि खेळणारा उठल्यावर त्याच्यापुढें कोण बसणार, हें पाहावें.

ज्या पातळ पटलावर चित्र उमटतें त्यास पॅनेल म्हणतात. त्याच्या मुख्य जाती चार, पैकीं तीन एकाच कुळांतल्या. १८८८ सालीं प्राग येथील रायनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञास एक चमत्कारिक पदार्थ आढळला. तो १४५.५ अंशांवर वितळून गढूळ होई आणि १७८.५ अंशांवर एकाएकीं स्वच्छ होई. मधल्या अवस्थेंत तो द्रवासारखा वाहतो, पण प्रकाशाशीं स्फटिकासारखा वागतो. म्हणून अशा पदार्थांस द्रव-स्फटिक हें नांव पडलें. ऐकतांना हा वदतोव्याघात वाटतो. परंतु आपल्या घरांतील बहुतेक पडदे या व्याघातावरच चालतात. मागें एक दिवा सतत जळत असतो आणि पुढें द्रव-स्फटिकाच्या लक्षावधि सूक्ष्म झडपा असतात. विजेचा दाब बदलला कीं कण वळतात व प्रकाश सुटतो किंवा अडतो. कण कसे वळतात, यावरून जाती पडल्या.

पहिली टी. एन. ही १९७० सालीं स्वित्झर्लंडांत बाझल येथें शाड्ट व हेल्फ्रिख यांनीं शोधली. हिच्यांतील कण एका कांचेपासून दुसऱ्या कांचेपर्यंत गोल जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणें ९० अंशांचा पीळ घेतात. ही जात चपळ आहे. २०२३ सालीं सेकंदास ५४० चित्रें दाखविणारा पडदा निघाला, तो हिच्यापैकींच. पण किंचित् खालून पाहिलें कीं रंग पालटतात, आणि शेजारीं जमिनीवर बसलेल्या धाकट्या भावंडास निराळेंच चित्र दिसतें. मुलगा स्पर्धांत उतरत असेल तरच हिचा विचार करावा.

दुसरी आय. पी. एस. ही जपानच्या हिताची कंपनीनें १९९६ सालीं बाजारांत आणली. येथें कण कांचेशीं समांतर राहून जागच्या जागीं फिरतात, म्हणून बाजूनें पाहिलें तरी रंग फारसे ढळत नाहींत. पूर्वीं हिला मंद म्हणत. तो आक्षेप आतां बहुतेक उरलेला नाहीं. हिचें व्यंग अंधारांत कळतें. झडप मिटली तरी मागच्या दिव्याचा उजेड पाझरतो. काळा रंग करडा दिसतो व कोपऱ्यांत फिकट चमक येते. पांढऱ्याकाळ्याच्या तेजाचें प्रमाण हिच्यांत साधारण १००० ला १ असतें. तिसरी जी व्ही. ए., तिच्यांत तें ३००० ला १ किंवा अधिक असतें, कारण तिचे कण उभे राहून झडप घट्ट मिटतात. रात्रीचे देखावे हिच्यावर फार खुलतात. मात्र स्वस्त पडद्यांत काळ्यावरून गडद करड्यावर येतांना कण रेंगाळतात, आणि भुयारांतून धांवणाऱ्या आकृतीमागें शाईचा फराटा ओढल्यासारखें दिसतें.

आतां त्या एका मिलिसेकंदाचा समाचार घेऊं. पडदा सेकंदास १४४ चित्रें दाखवीत असेल तर एका चित्राच्या वांट्यास सुमारें ७ मिलिसेकंद येतात. तेवढ्यांत ठिपक्यानें रंग बदलला पाहिजे, नाहीं तर मागच्या चित्राचें भूत पुढच्यांत राहतें. खोक्यावरचा आंकडा बहुधा सर्वांत सोप्या बदलाचा, आणि तोहि कणांस जोराचा धक्का देऊन मिळविलेला असतो. त्या धक्क्यानें आकृतीभोंवतीं पांढरी कड उमटते ती निराळीच. विद्यार्थ्यानें सोप्या प्रश्नाचे गुण दाखवून सगळा पेपर चांगला गेला म्हणावें, तशांतला हा प्रकार आहे.

चौथ्या जातीचें, ओलेडचें, कूळच निराळें. अमेरिकेंतील कोडॅक कंपनीच्या टँग व व्हॅन स्लाइक यांनीं १९८७ सालीं सेंद्रिय पदार्थांचे पातळ थर विजेनें उजळवून दाखविले, त्यांची ही संतति. येथें मागें दिवा नाहीं. प्रत्येक ठिपका हाच दिवा, आणि काळें हवें तेथें तो चक्क विझतो. रंग बदलण्यास त्यास एक मिलिसेकंदहि लागत नाहीं. तेव्हां मुलगा म्हणतो तें खोटें नाहीं. खेळ म्हणजे कालापव्यय असा सरसकट शेरा मारणाऱ्यांतले आम्ही नव्हे. या चार जातींचे गुणदोष मुलांस शब्दरूपावलीपेक्षां चांगले पाठ असतात!

परंतु एकत्र कुटुंबांत पडद्यास देहलीदीपन्याय लागू पडतो : उंबरठ्यावरच्या दिव्यानें आंत आणि बाहेर दोन्हीकडे उजेड द्यावयाचा असतो. रात्रीं मुलगा खेळतो, दिवसां त्याच पडद्यावर सूनबाई हिशेबाचे तक्ते उघडून आठ तास कचेरीचें काम करतात. जो दिवा अधिक जळतो तो लवकर मंदावतो. तक्त्याच्या चौकटी व खालची पट्टी रोज त्याच जागीं राहिल्यास कालांतरानें त्यांची छाया कायमची उमटण्याचा संभव असतो. नव्या पडद्यांत हा धोका कमी झाला आहे, व कित्येक कंपन्या त्याबद्दल हमीहि देतात. ती या दोषास लागू आहे कीं नाहीं, हें पैसे मोजण्यापूर्वीं वाचावें. शिवाय कांहीं ओलेडवर बारीक अक्षरांच्या कडांस रंगाची झालर दिसते, आणि क्वांटम-डॉट प्रकारच्या ओलेडचा काळा रंग भर उजेडांत करडा-जांभळा भासतो. ज्या पडद्यावर घरचा पगार मिळवावयाचा त्याची सोय मुलाच्या हौसेखालीं दडपणें आम्हांस मान्य नाहीं.

म्हणून पडदा एकच आणि खोलींत दिवसाचा उजेड असेल तर २७ इंची आय. पी. एस. घ्यावा, १४४ चित्रांचा वेग खेळास पुरेसा होतो. मात्र संगणक तितकीं चित्रें देऊं शकतो ना, हें पाहावें. तो साठच देत असेल तर वरचा वेग वांया जातो. मुलाची खोली स्वतंत्र, खिडकीस जाड पडदे, व बसणें रात्रींचें असेल तर ऐपतीप्रमाणें ओलेड किंवा चांगला व्ही. ए. घ्यावा. वाद मिटत नसेल तर आठवडाभर कोण किती तास बसतो, तें वहींत टिपावें. दुकानांत झगझगीत चित्रफितीवर भाळूं नये. अक्षरांचें पान उघडावें, मग काळें पान उघडावें, आणि उभें राहून, बसून, बाजूस सरून पाहावें.

एक बारीकशी गोष्ट राहिली. ओलेड पडदा मिटल्यावर आपल्या ठिपक्यांची झीज सारखी करण्याचें काम आंतल्या आंत करीत असतो, आणि त्यासाठीं त्यास वीज लागते. भिंतीवरचें बटण लगेच बंद केलें तर तें काम राहून जातें. तेव्हां असा पडदा घरांत आलाच, तर आजोबांस पहिल्याच दिवशीं सांगून ठेवावें. निजण्यापूर्वीं सगळीं बटणें बंद करीत घरभर हिंडण्याची चाल आमच्या पिढीची आहे, व ती आम्हीहि अद्याप सोडलेली नाहीं.