साखळी का घसरते?

सायकलीची साखळी घसरली तर दोष कोणाचा, हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु गेल्या पावसाळ्यात ह्याच प्रश्नाने आम्हांस चांगलाच धडा दिला. तो आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आमचा एक विद्यार्थी पंचगंगेपलीकडून सायकलीने शाळेस येतो. एका महिन्यात तो चार वेळा उशिरा आला. साखळी घसरली, हेच कारण त्याने प्रत्येक वेळी सांगितले, आणि चौथ्या वेळी आम्ही त्यास वर्गाबाहेर उभे केले. मुलगा बेफाम सायकल हाकतो असे ठरवून वडिलांनी घरी त्याची कानउघाडणी केली. दुरुस्ती करणाऱ्याने नवी साखळी चढवून पैसे घेतले. दुसऱ्याच दिवशी नदीकडून गावात येणाऱ्या चढावर जोर लावताच पायडल रिकामे फिरले, मुलगा पडला व त्याचा गुडघा फुटला. तिघांनीही निर्णय दिला होता. सायकल मात्र एकानेही तपासली नव्हती.

त्या सायंकाळी आम्ही ती सायकल त्याच्यासह तपासावयास बसलो. गिअर नसलेल्या साध्या सायकलीत कारणे मोजकीच असतात. क्रमाने गेल्यास खरे कारण फार वेळ लपून राहत नाही.

प्रथम साखळी सैल आहे काय, ते पाहावे. दोन चक्रांच्या मधोमध बोटाने दाबली असता ती वरखाली मिळून सुमारे अर्धा इंच हलावी. त्याहून फार अधिक लोंबत असेल, तर मागील चाकाचे नट ढिले करून चाक मागे ओढावे, ते सरळ बसले आहे असे पाहून नट पक्के आवळावेत. चाक तिरपे बसले तरी साखळी उतरते. नंतर पायडल सावकाश उलटे फिरवावे. एखादी कडी गंजून ताठ झाली असेल, तर मागील चक्रावरून सुटताना ती सरळ होत नाही व उडी मारते. हे करताना बोट साखळी व दाते यांच्यामध्ये कदापि घालू नये.

मग मोजपट्टी घ्यावी. अशा साखळीची प्रत्येक कडी अर्ध्या इंचाची असते, म्हणून चोवीस कड्यांची लांबी, खिळ्याच्या मध्यापासून खिळ्याच्या मध्यापर्यंत, बरोबर १२ इंच भरावी. ती इंचाचा आठवा भाग अधिक भरली, तर साखळी झिजून गेली असे समजावे. लोक म्हणतात, साखळी ताणली. वस्तुतः लोखंड ताणलेले नसते, कड्यांतील खिळे व नळ्या झिजलेल्या असतात. मँचेस्टर येथे हान्स रेनॉल्ड याने १८८० साली ही नळ्यांची साखळी सिद्ध केली. तिचे बळ व तिची झीज, दोन्ही त्या नळ्यांतच आहेत.

आमच्या विद्यार्थ्याची साखळी तर नवी होती व मापास बरोबर उतरली. तेव्हा आम्ही दात्यांकडे वळलो. पुढील चक्रास ४४ व मागील चक्रास १८ दाते असले, तर पायडलाच्या एका फेऱ्यात मागील चक्र जवळजवळ अडीच फेरे घेते. म्हणून लहान चक्र आधी झिजते. त्याचे दाते एका बाजूस आकड्यासारखे वाकलेले दिसले. जुन्या साखळीबरोबर झिजलेल्या दात्यांवर नवी साखळी बसत नाही. जोर येताच ती वर चढून पुढे सरकते. दोष येथे होता. साखळी दात्यांवर स्थिर राहून पायडल तेवढे पोकळ गेले असते, तर फ्रीव्हीलच्या आतील लहान खिट्ट्या अडकल्या वा तुटल्या, असा निष्कर्ष निघाला असता.

पुस्तकी विद्येचा मान राखूनही आमचे असे स्पष्ट मत आहे की, ही परीक्षा प्रत्येक मुलास व मुलीस स्वतः करता आली पाहिजे. हात काळे होण्यात कमीपणा मानणाऱ्यांनी आपल्या शेजारच्या बेळगावचा इतिहास आठवावा. किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाचा आरंभ तेथे १८८८ साली सायकलींच्या दुकानाने झाला. त्यांतील लक्ष्मणराव मुंबईच्या तंत्रशाळेत शिक्षक होते. त्याच उद्योगातून पुढे लोखंडी नांगर निघाला व १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. आणि आम्ही ज्यांस प्रभू म्हणतो त्या येशू ख्रिस्तानेही सुतारकाम केले होते.

पालकांस आमची विनंती आहे की, सुट्टीच्या दिवशी मुलांच्या हाती पाना द्यावा व चार डाग पडले तर रागावू नये. शिक्षकांस, म्हणजे प्रथम आम्हांसच, आमचे सांगणे वेगळे आहे. वारंवार घसरणारा मुलगा पाहिला की आम्ही त्यालाच दोष देतो. परंतु त्याच्या मागे कोणते दाते झिजले आहेत, हे क्वचितच पाहतो. त्या विद्यार्थ्याची आम्ही दुसऱ्या दिवशी सर्व वर्गासमोर क्षमा मागितली. मागील चक्र त्याने वडिलांसमवेत बदलून घेतले, आणि तेव्हापासून तो प्रार्थनेच्या घंटेपूर्वीच शाळेत हजर असतो.