तरंगे आमची, फोटो कोणाचा?

मा. संचालक,
कला आणि संस्कृती संचालनालय, गोवा सरकार,
पणजी.



पेडण्याच्या पुनवेच्या उत्सवाचा एक फोटो आमच्या वाचनालयाच्या संकेतस्थळावर तीन वर्षे होता. कोजागिरीची रात्र, लुगडी नेसवलेले देवांचे खांब, म्हणजे रवळनाथ आणि भूतनाथाची तरंगे, भोवती हात जोडून उभी माणसे. इंटरनेटवर शोधून तो मीच उतरवून घेतला होता. खाली कोणाचे नाव नव्हते. नाव नाही म्हणजे मालक नाही, असे मी धरून चाललो.

मागच्या पावसाळ्यात एका कंपनीचा ईमेल आला. फोटो आमच्या छायाचित्रकाराचा आहे, परवाना दाखवा, नाहीतर चौदा दिवसांत चाळीस हजार रुपये भरा, नपेक्षा न्यायालयात खेचू. आमच्या सभासदांची वर्षाची वर्गणीसुद्धा एवढी होत नाही.

त्या संध्याकाळी कार्यकारिणीत सगळे एकदम बोलू लागले. देव आमचे, तरंगे आमची, ती नाचवणारी माणसे आमची, एकाच रात्रीत देऊळ बांधून मागणारा भूतनाथही आमचा; मग पैसे ह्यांना का द्यायचे? माझाही सूर तोच होता. घरी येऊन १९५७ चा कॉपीराइट कायदा वाचायला घेतला तेव्हा तो सूर टिकला नाही. छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते टिपणारी व्यक्ती, असे कायदा सरळ म्हणतो. हक्क निर्माण व्हायला नोंदणी लागत नाही, फोटोवर नाव किंवा शिक्का असावा लागत नाही. २०१२ च्या दुरुस्तीपासून तो हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. पुनव आमची आहे, यात वाद नाही. पण रात्रभर त्या गर्दीत उभे राहून, दिव्यांचा अंदाज घेत, तो एक क्षण पकडला तो दुसऱ्या कोणीतरी. त्याच्या कष्टाचा मोबदला बुडवून आम्ही आमच्या पानाची शोभा वाढवली होती. ही चूक माझी होती.

आमच्यासारख्यांना अशी नोटीस आली की दोनच गोष्टी घडतात. कोणी घाबरून सांगितली ती रक्कम भरतो, कोणी पत्र कचऱ्यात टाकतो. दोन्ही चूक. फोटो मी त्याच दिवशी संकेतस्थळावरून काढून टाकला, पण तो कधी लावला आणि कधी काढला याची नोंद ठेवली, कारण काढून टाकल्याने मागचा वापर पुसला जात नाही. मग कंपनीला लिहिले: फोटो तुमच्याच छायाचित्रकाराचा असल्याचा पुरावा द्या, त्याच्या वतीने पैसे मागण्याचा लेखी अधिकार दाखवा, आणि चाळीस हजार हा आकडा कुठून आला ते सांगा, कारण वाचनालयाने आधीच रीतसर परवाना घेतला असता तर किती पडले असते हे आम्हाला कळायला हवे. पोकळ धमक्यांविरुद्ध कलम ६० खाली दाद मागता येते, तेही वाचून ठेवले. त्याची गरज पडली नाही. दावा खरा निघाला, कागदपत्रे आली, रक्कम बरीच खाली आली आणि आम्ही ती भरली. त्या वर्षी दोन मासिके बंद करावी लागली. वाचकांना कारण सांगताना मला फार वाईट वाटले.

महोदय, यातून सूट मागायला मी हे पत्र लिहीत नाही. लग्नातल्या संगीताचे काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले. ३० जानेवारी २०२४ रोजी लग्नसमारंभात गाणी वाजवण्यासाठी परवाना किंवा स्वामित्वशुल्क मागू नये असे परिपत्रक काढून राज्य सरकारने लोकांना दिलासा दिला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केले. कलाकाराचा हक्क परिपत्रकाने कमी होत नाही, आणि होऊही नये. पेडण्यातही लग्ना-मुंजींचे फोटो काढून पोट भरणारे तरुण आहेत. उद्या त्यांचे फोटो कोणी असेच उचलले तर मी त्यांच्याच बाजूने उभा राहीन.

माझे मागणे वेगळे आहे. गावोगावची वाचनालये, शाळा, देवस्थाने, दशावतारी मंडळी आज संकेतस्थळे काढत आहेत. त्यांना आपल्याच गावाचा, हक्काने वापरता येईल असा चांगला फोटो सहज मिळत नाही, म्हणून ती उचलेगिरी करतात. सांस्कृतिक कार्यक्रमांना आपण अनुदान देता. त्या कार्यक्रमांचे फोटो काढायला आयोजक छायाचित्रकाराला पैसे देतात, आणि वेगळा करार नसेल तर कलम १७ प्रमाणे अशा फोटोंचा पहिला हक्क ते काढून घेणाऱ्याकडे येतो. मग अनुदानाच्या अटींत एक ओळ घाला: निवडक दहा फोटो, छायाचित्रकाराच्या नावासह, खुल्या परवान्याने संचालनालयाकडे द्यावेत. छायाचित्रकाराला हे आधी सांगा आणि त्याची मजुरी त्याप्रमाणे ठरू द्या. जुने फोटो ज्यांच्या घरी पेट्यांत पडले आहेत त्यांच्याकडून ते लेखी संमतीने घ्या. माहिती आणि प्रसिद्धी खात्याकडचे सरकारी फोटोही या खुल्या संग्रहात आणता येतील. सरकारी कामाचा हक्क सरकारचाच असतो, तो खुला करायला सरकारची सहीच पुरेशी आहे.

हे गोव्यात नवे नाही. २०१३ साली गोवा विद्यापीठाने कोंकणी विश्वकोशाचे चारही खंड क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले केले. एवढे मोठे काम ज्या राज्याने लोकांच्या हाती दिले, त्याला शिगमा, पुनव, तेरेखोलचा किल्ला आणि मोरजीची कासवे यांचे काही हजार फोटो देणे जड नाही.

आणि एक चार पानी पुस्तिका मराठीत व कोंकणीत काढा: फोटो कसा मागावा, नाव कसे द्यावे, नोटीस आली तर कोणते प्रश्न विचारावेत. वकिलाच्या फीची ऐपत नसलेल्या कार्यवाहाच्या टेबलावर ती असू द्या. मजकुराचा कच्चा आराखडा मी तयार केला आहे, मागाल तेव्हा पाठवीन.

यंदाच्या कोजागिरीला आमचा एक सभासद कॅमेरा घेऊन जाणार आहे. त्याने संमतीपत्र आधीच सही करून दिले आहे. त्याचे दहा फोटो त्याच्या नावासह आपल्याला पाठवीन. ते ठेवायला आपल्याकडे जागा तयार असावी, एवढी विनंती.

आपला,
पेडणे तालुक्यातील एका ग्रामीण वाचनालयाचा कार्यवाह