आधी लायकी की आधी प्रेम?



आमच्या बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. बरोबर मुलेही जातात, आणि हंगाम संपवून परतली की वर्गात मागच्या बाकावर बसतात. "आपल्याला न्हाई जमायचं, बाई," हे वाक्य मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत ऐकले. त्यावर आपले उत्तर ठरलेले, "तू हुशार आहेस, मेहनत कर." उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. मार्क कमी पडले की त्या हुशारीवरचा विश्वासही उडतो.

बरे, ही शंका फक्त मागच्या बाकावरच असते असेही नाही. पंडिता रमाबाईंचेच पाहा. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले. विद्या, नाव, काम, सगळे होते, तरी मनाला स्वस्थता नव्हती. पुढे १९०७ च्या आपल्या साक्षीत त्यांनी लिहिले की, बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी उमगले, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तारण हे लायकी सिद्ध करून मिळवायचे नसते, आहे तसे येणाऱ्याला ते आजच दिलेले असते, हे तेव्हा त्यांच्या मनाला पटले.

ख्रिस्ती श्रद्धेतली हीच गोष्ट मला मोलाची वाटते. जग म्हणते, आधी लायक हो, मग जवळ घेऊ. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला बाप मात्र मुलाचे बोलणे पुरे व्हायच्या आधीच धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो.

काही स्नेही विचारतात, "आधी माणसाला पापी म्हणायचे, मग आत्मविश्वास येणार कुठून?" प्रश्न रास्त आहे. धाकाने शिकवलेली श्रद्धा माणसाला खुजे करते, हे मीही पाहिले आहे. पण पाप सांगून तिथेच थांबणे म्हणजे अर्धाच धडा शिकवणे. दुसरा अर्धा प्रेमाचा आहे.

देवाच्या प्रेमाने गणित सुटते का? नाही, ते सोडवावेच लागते. पण चुकलो तर आपली किंमत जाईल, ही भीती गेली की हात थरथरत नाही. रमाबाईही ते समाधान घेऊन स्वस्थ बसल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या निराधार मुली-बायकांना त्यांनी आणले, केडगावला मुक्ती सदन उभे केले. हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले.

माझे म्हणाल, तर सत्तरी ओलांडल्यावर "आता आपला उपयोग काय?" हा प्रश्न रोज सकाळी दारात उभा असतो. प्रार्थनेत मी त्याच्याशी वाद घालत नाही. उपयोग संपला म्हणून प्रेम संपत नाही, एवढे स्वतःला सांगते आणि शेजारच्या मुलीचा अभ्यास घ्यायला बसते.

असो. घरातल्या मुलांना निकाल लागायच्या आधी एकदा म्हणून पाहा, "तू आमचा आहेस, मार्क मागाहून बघू."