स्तन काढायचा की वाचवायचा : निर्णय कोणाचा?

स्तनाचा कर्करोग म्हणजे स्तन काढून टाकायचा, दुसरा मार्ग नाही, ही समजूत वस्त्यांमध्ये अजून पक्की आहे. वैद्यकशास्त्राने मात्र ती केव्हाच सोडली आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील डॉ. हॉलस्टेड यांनी स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. पुढे कित्येक दशके तीच चालली. गाठ तपासायची म्हणून भूल दिलेली बाई शुद्धीवर यायची ती कधी कधी स्तन गमावूनच. स्वतः कर्करोग झालेल्या पत्रकार रोझ कुशनर यांनी याविरुद्ध आवाज उठवला. १९७९ साली तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने तपासणी आणि शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत करावी, अशी शिफारस केली. इटलीचे डॉ. वेरोनेसी आणि अमेरिकेचे डॉ. फिशर यांच्या अभ्यासांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. रोग लवकर सापडला असेल, तर गाठ आणि भोवतालचा थोडा भाग काढून किरणोपचार दिले तरी बायका तितक्याच जगतात, हे त्यातून सिद्ध झाले.

आपल्याकडेही मोठे काम झाले आहे. टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने ११ रुग्णालयांत सुमारे १,६०० स्त्रियांवर झालेला अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती साधे, स्वस्त बधिरीकरणाचे इंजेक्शन दिलेल्यांपैकी पाच वर्षांनी ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या, न दिलेल्यांपैकी ८६.४ टक्के.

मग अडते कुठे? स्तन वाचवला तर बहुतेक वेळा किरणोपचार आलेच. त्यासाठी तीन ते पाच आठवडे जवळजवळ रोज शहरात जावे लागते. शस्त्रक्रियेचा खर्च सरकारी योजनेतून निघेल, पण बुडालेल्या रोजंदारीचे काय? कामात भेटलेली एक शेतमजूर बाई म्हणाली, ''ताई, महिनाभर इथं राहिले तर घरी भाकरी कोण थापणार?'' तिने स्तन काढून घेतला. कागदोपत्री ही तिची निवड ठरली. मी याला निवड म्हणत नाही.

गाठ मोठी असेल तर स्तन काढणे आवश्यक ठरू शकते. कोणी सगळे समजून घेऊन तेच पसंत करील, तर तो तिचा हक्क आहे. प्रश्न आहे तो तिला विचारले जाते का, हा. अजूनही डॉक्टर बोलतात नवऱ्याशी किंवा मुलाशी, आणि बाई बाहेर बाकावर बसून राहते. सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या स्त्रीच्या वतीने आईने दिलेली संमतीही चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालीच स्पष्ट केले आहे.

म्हणून आपल्या गटांनी तीन गोष्टी लावून धराव्यात : सगळे पर्याय बाईला मराठीत, तिच्यासमोर सांगितले जावेत, किरणोपचाराच्या काळात राहण्या-जेवणाची सोय आणि बुडीत मजुरी मिळावी, आणि गावपातळीवर आरोग्यसेविकांकडून स्तनतपासणी नियमित व्हावी. शस्त्रक्रिया सुधारली. आता ती करून घेणाऱ्या बाईला निर्णयाचा अधिकार मिळायला हवा.