शांततेच्या पत्रांची सूची बुलढाण्यात पूर्ण होईल

साप्ताहिक सदर : दप्तर

२३ जुलै १९३९ या तारखेचं एक छोटं पत्र आहे. डोक्यावर पत्ता वर्ध्याचा, खाली सही गांधीजींची, आणि पाठवायचं हिटलरला. जगाला युद्धापासून वाचवू शकेल असा माणूस आज तुम्हीच आहात, तेवढं करा, अशी त्यात विनंती आहे. ब्रिटिश सरकारनं ते पत्र पुढे जाऊ दिलं नाही, आणि १ सप्टेंबरला जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला. तीन वर्षांनी, १ जुलै १९४२ रोजी, सेवाग्रामहून अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना असंच एक पत्र निघालं. ते टपालानं गेलं नाही. लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार त्या जूनमध्ये सेवाग्रामला आठवडाभर राहून गेला होता, त्यानं ते सोबत नेलं.

दोन्ही पत्रांचा मजकूर आज शाळकरी मुलालाही सापडतो. पण पहिलं पोचलंच नाही आणि दुसरं माणसाच्या हाती गेलं, हे मजकूर वाचून कळत नाही. ते कळतं सूचीतून. पत्र कोणी, कुठून, कोणाला, कोणत्या वाटेनं पाठवलं, पोचलं का, उत्तर आलं का, मूळ कागद आज कुठे आहे, हे सूचीकार नोंदवून ठेवतो. ही नोंद नसेल तर हिटलरनं गांधीजींचं पत्र वाचून फेकून दिलं, असं कोणीही ठोकून देईल आणि आपण ते खरं मानू.

गेले काही आठवडे या सदरात आपण जिल्ह्यातल्या जुन्या कागदांविषयी बोलत आहोत. आज शांततेसाठी आणि माणुसकीच्या कामासाठी लिहिलेल्या पत्रांविषयी लिहितो, कारण त्या कामात बुलढाण्याचा वाटा आहे आणि तो आपण अजून उचललेला नाही.

या पत्रव्यवहाराचा एक साधा गुण आपण विसरतो. पत्र लिहिणाऱ्याकडे राहत नाही, ज्याला गेलं त्याच्याकडे राहतं. मोठ्या माणसाच्या घरी सापडतात ती त्याला आलेली पत्रं. त्यानं स्वतः लिहिलेली पत्रं देशभर पांगलेली असतात, आणि कार्बन प्रत ठेवायची सवय नसेल तर त्याच्या दप्तरात त्यांचा मागमूसही नसतो. म्हणून एका माणसाचा पत्रव्यवहार सूचीबद्ध करायचा म्हणजे शेकडो घरांची दारं ठोठावावी लागतात.

गांधीजींच्या बाबतीत हे काम झालं. भारत सरकारनं १९५६ साली त्यांचं समग्र लेखन गोळा करायला घेतलं. पहिला खंड १९५८ मध्ये आला आणि शंभरावा १९९४ मध्ये. त्यातली बरीच वर्षं प्राध्यापक के. स्वामिनाथन हे प्रमुख संपादक होते. या खंडांत पत्रांच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ असते आणि वाचक ती बहुधा सोडून देतो. ‘एस.एन.’ असेल तर तो कागद साबरमतीच्या संग्रहालयात आहे, ‘जी.एन.’ असेल तर दिल्लीला गांधी स्मारक निधीच्या संग्रहात, आणि ‘सी.डब्ल्यू.’ असेल तर तो या प्रकल्पानं स्वतः मिळवलेला आहे. पुढे क्रमांक, आणि पुष्कळदा कोणाच्या सौजन्यानं मिळाला त्याचं नाव. ही नावं सलग वाचत गेलं की कळतं, हे खंड किती घरांनी मिळून उभे केले. वर्ध्याच्या बजाज कुटुंबानं जपलेली पत्रं त्यांत आहेत. आश्रमातल्या बायकांना, खादीच्या कार्यकर्त्यांना, आजारी सोबत्यांना लिहिलेल्या चिठ्ठ्या आहेत. त्या घरांनी ते कागद दाखवले नसते, तर आपल्याकडे व्हाइसरॉयला लिहिलेले गांधी उरले असते आणि सोबत्याच्या पोटदुखीची चौकशी करणारे गांधी हरवले असते.

क्रमांकाची ती ओळ किती कामाची असते हे पुढे एका प्रसंगात दिसलं. शतक बदलताना या खंडांची ‘सुधारित’ आवृत्ती आणि तिची सीडी निघाली. अभ्यासकांनी जुने आणि नवे खंड शेजारी ठेवून नोंदी जुळवल्या, तेव्हा शेकडो नोंदी गळाल्याचं लक्षात आलं. वाद झाला आणि शेवटी सरकारला ती आवृत्ती मागे घ्यावी लागली. २०१३ साली साबरमतीहून सुरू झालेल्या गांधी हेरिटेज पोर्टलवर आज मूळचे शंभर खंड कोणालाही वाचता येतात. आधीची सूची नीट होती म्हणून ही गळती पकडता आली. जिथे मुळात यादीच नाही, तिथे काय गेलं हे कोणाला कळणार?

परदेशातलं मोठं उदाहरण बर्ट्रांड रसेल यांचं आहे. या इंग्रज तत्त्वज्ञानं उतारवयात अणुबॉम्बविरोधी चळवळीला वाहून घेतलं. पुढच्या शांतताकार्याला पैसा हवा म्हणून त्यांनी आपले कागद विकायला काढले. त्यासाठी १९६७ मध्ये त्यांची तपशीलवार सूची छापली गेली आणि १९६८ मध्ये कॅनडातल्या हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठानं तो संग्रह विकत घेतला. तिथे सूचीचं काम आजही चालू आहे. एकेका पत्राची वेगळी नोंद, अशा लाखाच्या वर नोंदी झाल्या आहेत, आणि जी पत्रं दुसऱ्या संग्रहांत किंवा लोकांच्या घरी आहेत त्यांचाही शोध घेऊन नोंद होते.

त्या संग्रहाचा एक धागा थेट आपल्या देशात येतो. १९६२ च्या भारत-चीन युद्धात रसेल यांनी नेहरू आणि चौ एन-लाय या दोघांनाही लढाई थांबवण्याविषयी लिहिलं, आणि पुढच्या वर्षी त्यावर पुस्तक काढलं. त्याच १९६२ मध्ये विनोबांचा आशीर्वाद घेऊन सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण खिशात पैसा न ठेवता दिल्लीहून पायी निघाले. मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टन या अण्वस्त्रांच्या राजधान्या गाठायच्या होत्या. ब्रिटनमध्ये ते रसेलना भेटले. १ मार्च १९६३ रोजी राजघाटावरून आणखी एक पदयात्रा निघाली, दिल्ली ते पेकिंग. तिचे नेते आपले शंकरराव देव होते. युद्धाची जखम ताजी असताना शत्रूच्या राजधानीकडे मैत्रीसाठी चालत जाण्याचा हा बेत पुष्कळांना रुचला नव्हता. चीननं प्रवेश दिला नाही, ब्रह्मदेशानंही दिला नाही, आणि यात्रा आसामात थांबली.

अशी यात्रा भाषणांवर चालत नाही, पत्रांवर चालते. पुढच्या गावाला मुक्कामाचं कळवायचं, सभेला जागा मागायची, परराष्ट्रांच्या वकिलातींना परवान्यासाठी पुन्हा पुन्हा लिहायचं, घरी खुशाली कळवायची. विनोबांनी १९५७ साली केरळात शांतिसेना उभी केली, भूदानासाठी वर्षानुवर्षं ते चालत राहिले, १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी जयप्रकाश जगभर फिरले. या प्रत्येक कामामागे गावोगावच्या माणसांशी झालेला पत्रव्यवहार आहे. त्याचं एक टोक पवनारला, वर्ध्याला, दिल्लीला असेल. दुसरं टोक आपल्याकडे आहे.

वर्ध्याहून पश्चिमेला जाणारी गाडी शेगाव, नांदुरा, मलकापूर करत भुसावळला जाते. त्या गाडीनं येणारं टपाल आपल्या जिल्ह्यात उतरायचं. खादीचं काम केलेली, भूदानात हिंडलेली, राष्ट्रीय शिक्षणात रमलेली माणसं इथे होती. खामगावचं टिळक राष्ट्रीय विद्यालय त्याच काळाचं अपत्य. त्या पिढीतली बहुतेक माणसं गेली. त्यांच्या ट्रंका माळ्यावर आहेत, आणि दर दिवाळीच्या साफसफाईत त्यातली एखादी रद्दीवाल्याच्या तराजूत जाते. मुलगा पुण्याला, नात परदेशात, घर विकायला काढलेलं. हे कागद किलोच्या भावानं जातात याचा दोष मी कोणाला देत नाही. ते मोलाचे आहेत हे त्या घराला कोणी येऊन सांगितलेलंच नाही.

असं गमावणं म्हणजे काय, हे बुलढाण्याला तरी सांगायला नको. १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर बालहत्येचा खटला झाला आणि वर्तमानपत्रं बायकांच्या जातीवर तुटून पडली, तेव्हा एका अनोळखी बाईसाठी ताराबाईंनी लेखणी उचलली. पुण्याच्या शिवाजी छापखान्यात पुस्तकाच्या पाचशे प्रती निघाल्या, किंमत नऊ आणे. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. त्यानंतर हे पुस्तक विस्मरणात गेलं, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत. पुस्तक वाचलं ते त्याची एखादी प्रत टिकली म्हणून. पण ताराबाईंचं आयुष्य सांगणारे कागद फार थोडे उरले. त्या कोणाला लिहीत होत्या, त्यांना कोण लिहीत होतं, पुस्तकानंतरची वर्षं त्यांनी कशी काढली, हे आपल्या जिल्ह्याच्या सर्वांत धीट लेखिकेविषयी आपण नीट सांगू शकत नाही. तिच्या घरच्या कागदांची यादी करायला कोणी आलं नाही.

म्हणून माझं मागणं स्पष्ट आहे. जिल्ह्यातल्या मोठ्या सार्वजनिक वाचनालयांनी शासकीय जिल्हा ग्रंथालयाला सोबत घेऊन या पत्रांची एक जिल्हा सूची करायला घ्यावी. पत्रं ताब्यात घ्यायची गरज नाही. ती घरच्यांचीच राहोत. आपण जाऊन नोंद करायची, मोबाइलवर नीट उजेडात दोन्ही बाजूंचं छायाचित्र घ्यायचं, आणि कागद सन्मानानं परत ठेवायचा.

नोंदीत काय हवं तेही सांगतो. पाठवणारा, घेणारा, तारीख, गाव, भाषा आणि लिपी, पानं किती, पोस्टकार्ड की निळं आंतरदेशीय, हस्ताक्षर की टंकलेखन, आणि दोन ओळींत विषय. तारीख लिहिलेली नसेल तर टपालाच्या शिक्क्यावरून ठरवावी, आणि ती शिक्क्यावरून घेतली असं नोंदवावं. यासाठीच पाकिटं फेकू नयेत आणि तिकिटं जमवणाऱ्या मुलांना ती फाडू देऊ नयेत. तिकिटाबरोबर शिक्का जातो आणि शिक्क्याबरोबर गाव आणि दिवस. पत्रं ज्या क्रमानं बांधलेली सापडली तो क्रम मोडू नये, कारण बांधणाऱ्यानं तो काही विचारानं लावलेला असतो. क्रमांक टाकायचा तर शिसपेन्सिलीनं, मागच्या कोपऱ्यात. गंजलेल्या टाचण्या हलक्या हातानं काढाव्यात. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन यांना हातही लावू नये, त्यांनी कागद कायमचा बिघडतो.

विषयाच्या रकान्यात नुसतं ‘शांतता’ किंवा ‘सेवाकार्य’ असं लिहून मोकळं होऊ नये. पत्र उघडलं की आत विहिरीचा खर्च असतो, दुष्काळातल्या धान्याचा हिशेब, निर्वासितांसाठी जमवलेल्या कपड्यांची यादी, दंग्यानंतर दोन मोहल्ल्यांत कोण आधी बोलायला जाईल याची चर्चा. १९७२ चा दुष्काळ आपल्या आईवडिलांनी सोसला. त्या वेळी मदत कोणी मागितली, कोणी पाठवली, कोणी नाकारली, हे या पत्रांतून कळेल, पण सूचीकारानं ‘दुष्काळ, मोताळा तालुका’ एवढं तरी लिहिलं असेल तरच.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. पत्रांत घरचं खासगी असतं. भांडणं, उसनवारी, आजार, हयात माणसांची नावं. त्यासाठी नियम आधी ठरवावा. घरच्यांची लेखी संमती घ्यावी, आणि त्यांना नको असेल ते पत्र ठरावीक वर्षं कोणाला दाखवू नये. मात्र बंद पत्राचीही नोंद सूचीत राहावी, ‘अमुक सालापर्यंत बंद’ अशी. लपवलेला कागद आणि राखून ठेवलेला कागद यांतला फरक त्या एका नोंदीनं होतो.

दुसरा आक्षेप असा की या साध्या माणसांच्या पत्रांत अभ्यासण्यासारखं काय आहे. माझ्या मते सगळ्यांत जास्त इथेच आहे. शांततेचा इतिहास आपण पुढाऱ्यांच्या सह्यांवरून लिहितो, आणि मग तो अपयशाचाच इतिहास होतो: हिटलरनं ऐकलं नाही, पेकिंगचा रस्ता उघडला नाही. पण ज्या कोणी चालणाऱ्यांना जेवू घातलं, घरचा दागिना निर्वासितांसाठी दिला, गावात दंगा होऊ दिला नाही, त्यांचं काम झालं होतं. त्याचा पुरावा फक्त त्यांना आलेल्या आणि त्यांनी लिहिलेल्या पत्रांत आहे. ती नोंदली गेली नाहीत, तर शांततेसाठी काहीच करता येत नाही असं पुढच्या पिढ्यांना वाटेल, आणि त्यांना खोडून काढायला आपल्या हाती कागद नसेल.

नागपूरला पुराभिलेख संचालनालयाचं कार्यालय आहे. सूचीचा नमुना आणि दोन दिवसांचं प्रशिक्षण तिथून मागता येईल. महाविद्यालयांतल्या इतिहास आणि मराठीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प हवेच असतात, त्यांना एकेक तालुका द्यावा. तुमच्या घरी अशी ट्रंक असेल, तर या दिवाळीत ती रिकामी करू नका. आधी वाचनालयात जाऊन कळवा, आणि वाचनालयानं टाळाटाळ केली तर पुन्हा जा. देशाच्या सूचीत जे रकाने कोरे आहेत, त्यांतले काही भरणं फक्त आपल्याच हातात आहे.