कोण कुठले हे आठजण?

नवी नोकरी जॉइन करताना एचआरवाले जो फॉर्म देतात, त्यात 'नेटिव्ह प्लेस' असा एक रकाना असतो. जन्म डोंबिवलीत, शाळा डोंबिवलीत, पहिलं ब्रेकअपही डोंबिवलीत, पण तिथे आपण बिनधास्त लिहून टाकतो आजोबांचं गाव. शेवटचं कधी गेलो होतो? बहुतेक आठवीच्या मे महिन्यात. आता जरा कल्पना करा. हाच फॉर्म तुमच्यासाठी दुसरंच कुणीतरी भरतंय, तुम्ही गेल्यावर सव्वाशे-दीडशे वर्षांनी. हाताशी आहेत तुमची हाडं, दात आणि खिशातल्या दोन-चार वस्तू. काय लिहितील?

अमेरिकेत आठ खलाशांच्या बाबतीत नेमकं हेच झालं.

१७ फेब्रुवारी १८६४ ची रात्र. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं. दक्षिणेतल्या चार्ल्स्टन बंदराची उत्तरेच्या नौदलाने नाकेबंदी केलेली. ती फोडायला दक्षिणेने एक अजब यंत्र पाण्यात सोडलं. 'एच. एल. हनली' नावाची पाणबुडी. लांबी जेमतेम बारा मीटर, आतली उंची साधारण चार फूट. इंजिन नाही! सात माणसं ओळीने बसून हाताने दांडा फिरवणार आणि कप्तान दिशा सांभाळणार. म्हणजे आपल्या सातच्या बदलापूर लोकलच्या डब्यापेक्षाही भयानक अवस्था, वर पुढच्या टोकाला बारूद. त्या रात्री हनलीने 'हूसाटॉनिक' ही युद्धनौका बुडवली. पाणबुडीने शत्रूची युद्धनौका बुडवल्याची जगातली ही पहिली घटना. पण हनली परत आली नाही.

(या पाणबुडीने आधीच्या वर्षी दोनदा जलसमाधी घेतली होती आणि तेरा माणसं गिळली होती. दुसऱ्या खेपेला तर ज्यांच्या नावावरून तिचं नाव पडलं, ते होरेस हनलीही गेले. तरीही पुढचे आठजण आत उतरले. धाडस म्हणायचं की वेडेपणा, हे तुमचं तुम्ही ठरवा.)

१९९५ मध्ये ती समुद्रतळाशी सापडली आणि ८ ऑगस्ट २००० रोजी क्रेनने वर काढली गेली. आत गाळ भरलेला. गाळाखाली आठजणांचे सांगाडे. पळापळीची खूण नाही, जवळजवळ प्रत्येकजण आपापल्या जागेवर.

आणि मग प्रश्न आला की हे होते कोण? नावांची यादी होती, पण कशी, तर कुठे फक्त आडनाव, कुठे स्पेलिंगची वाट लागलेली. लंपकिन नावाच्या माणसाच्या पुढे नुसतं 'सी.'. अहो, आपल्या रेशनकार्डावर कुळकर्णी आणि पॅनकार्डावर कुलकर्णी असतं तरी आपली किती धावपळ होते!

इथे दोन टीम कामाला लागल्या. स्मिथसोनियन संस्थेचे मानववंशशास्त्रज्ञ डग्लस आउस्ली हाडं वाचत होते आणि लिंडा एब्रम्स कागद. एब्रम्सबाईंचा पेशा म्हणजे फोरेन्सिक वंशावळीचा. जनगणना, चर्चच्या नोंदी, लष्कराच्या पगारयाद्या, मृत्युपत्रं असं सगळं उपसून माणसाचे नातेवाईक शोधायचे. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय वहीतून पणजोबांची सही काढून दाखवतात ना, साधारण तोच प्रकार. फक्त इथे यजमान स्वतः सांगायला हजर नाही.

हाडांनी पहिला क्लू दिला तो जेवणाचा. मका आणि गहू हवेतला कार्बन वेगवेगळ्या पद्धतीने घेतात. त्यामुळे जो लहानपणापासून मक्याची भाकरी आणि लापशी खातो, त्याच्या हाडांत कार्बनच्या एका जड प्रकाराचं प्रमाण जास्त सापडतं. गहू-राय खाणाऱ्याच्या हाडांत कमी. अमेरिकेत तेव्हा मका घरोघरी, युरोपात मात्र गहू आणि राय. तपासणी झाली आणि सगळे चक्रावले. आठातले चौघे मक्यावर वाढलेले अमेरिकन, चौघे युरोपातून आलेले! दक्षिणेची शान म्हणून मिरवलेल्या पाणबुडीत निम्मे परदेशी. जाता जाता सांगते, ज्वारी-बाजरीसुद्धा मक्याच्याच गटातली. म्हणजे सोलापूरची भाकरी आणि कोकणातला भात हाडांवरून वेगळा ओळखता येईल. फक्त कोकणातला माणूस रोज मासे खाणारा असेल तर गणित जरा बिघडतं, कारण समुद्रातल्या माशांमुळेही तो आकडा वर जातो.

सगळ्यात सॉलिड गोंधळ घातला एका तांब्याच्या बिल्ल्याने. एका सांगाड्याच्या गळ्याशी तो मिळाला. त्यावर नाव होतं एझ्रा चेंबरलिन. हा तर कनेक्टिकटचा, म्हणजे शत्रूपक्षाचा सैनिक! फितूर? गुप्तहेर? कैदी? मीडियाला आयती मेजवानी. पण कागद सांगत होते की चेंबरलिन जुलै १८६३ मध्येच चार्ल्स्टनजवळच्या मॉरिस बेटावरच्या लढाईत मारला गेला. शिवाय तो विशीतला आणि सांगाडा तिशीच्या माणसाचा. मग बिल्ला कुणाच्या गळ्यात होता? तर जोसेफ रिजवेच्या. मेरीलँडचा, घरात समुद्राचा वारसा. सोळाव्या वर्षीच त्याने खलाशाचं ओळखपत्र काढलं होतं. त्या काळी अशा कागदावर उंची, रंग, डोळे असं सगळं लिहिलेलं असे, म्हणजे वंशावळ शोधणाऱ्याला लॉटरीच. पुढे नात्यातल्या व्यक्तीच्या डीएनएशी त्याचा डीएनए जुळला आणि शिक्कामोर्तब झालं. बिल्ला बहुधा रणांगणावरून आलेली आठवणीची वस्तू. मेलेल्या शत्रूचं नाव गळ्यात घालून हा माणूस पाण्याखाली गेला होता.

फ्रँक कॉलिन्सची गोष्ट मला जास्त आवडते. हा व्हर्जिनियातल्या फ्रेडरिक्सबर्गचा, वय चोवीसच्या आसपास, उंची सहा फुटांच्या वर. (चार फुटांच्या पाणबुडीत!) त्याच्या दातांना बारीक खाचा होत्या. शिवताना सुई दातात धरायची सवय असली की अशा खाचा पडतात. कागदांत शोधलं तर घरात चांभारकाम, आजोबा जोडे शिवणारे. पोरगा आजोबांच्या हाताखाली बसला असणार. कीबोर्ड बडवून आपल्या हाडांवर कुठली खूण उमटणार आहे, कोण जाणे.

जेम्स विक्सचं प्रकरण गुंतागुंतीचं. नॉर्थ कॅरोलायनाचा, चाळिशी उलटलेला, बायको-मुली फ्लॉरिडात. आधी तो उत्तरेच्याच नौदलात होता. १८६२ मध्ये त्याचं जहाज 'काँग्रेस' दक्षिणेने बुडवलं आणि त्यानंतर त्याने बाजू बदलली. तत्त्व की घराची ओढ, हे कुठल्याही रजिस्टरात सापडत नाही. वंशज मात्र सापडले.

आणि कप्तान डिक्सन? त्याच्याजवळ वीस डॉलरचं सोन्याचं नाणं मिळालं, गोळी लागून वाकलेलं. त्यावर शिलोहच्या लढाईची तारीख आणि त्याची आद्याक्षरं कोरलेली. नाण्याने जीव वाचवला ही जुनी दंतकथा खरी निघाली. मांडीच्या हाडावर गोळीची खूणही होती. फिल्मी आहे, पण खरं आहे.

उरले चौघे युरोपियन. बेकर, कार्लसन, लंपकिन, मिलर. इथे कागदांची साथ सुटत गेली. बंदरात उतरलेला एकटा पुरुष, नाव इंग्रजी कानांना जमेल तसं लिहिलेलं, ना घर, ना बायको, ना चर्चमध्ये नोंद. मुंबईत कामाला येऊन एकटे राहणाऱ्या, कंत्राटदाराच्या वहीत फक्त 'राजू' असणाऱ्या माणसाला उद्या कुणी शोधायला निघालं तर असंच होईल.

१७ एप्रिल २००४ रोजी आठहीजणांना चार्ल्स्टनच्या मॅग्नोलिया दफनभूमीत निरोप दिला गेला. हजारो लोक, त्यातले कित्येक दक्षिणेच्या राखाडी गणवेशात. शोधलेले नातेवाईकही आले होते. खरं सांगू? तो गणवेश बघून मला अस्वस्थ व्हायला होतं. हे आठजण ज्या बाजूने लढले, ती बाजू गुलामगिरी टिकवायला लढत होती. १८६० मध्ये साउथ कॅरोलायनात निम्म्याहून जास्त माणसं गुलाम होती. चार लाखांच्या वर.

आता एब्रम्सबाईंचं लाडकं हत्यार पुन्हा बघा, म्हणजे जनगणना. १८५० पासून अमेरिकेच्या जनगणनेत घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहायला लागले. म्हणून चांभाराचा नातू सापडतो. पण त्याच जनगणनेत गुलामांसाठी वेगळी यादी होती. तिच्यात मालकाचं नाव आणि त्याखाली नुसतं वय, लिंग, रंग. गुलामांची नावं जवळपास कुठेच नाहीत. त्यामुळे आपलं मूळ शोधायला निघालेले बहुतेक आफ्रिकन अमेरिकन १८७० च्या जनगणनेपर्यंत मागे जातात आणि तिथे भिंतीला धडकतात.

२०१३ मध्ये त्याच चार्ल्स्टनमध्ये एका थिएटरच्या बांधकामात ३६ सांगाडे सापडले. अठराव्या शतकातले, आफ्रिकन वंशाच्या माणसांचे. कुठलीच यादी नाही. पुन्हा तीच हाडं-दातांची तपासणी, तोच डीएनए. काहीजण थेट आफ्रिकेत जन्मलेले निघाले, त्यात लहान मुलंही होती. नावं मात्र कशातूनच मिळणार नव्हती. मग गावातल्या लोकांनी २०१९ मध्ये रीतसर नामकरणाचा विधी केला, छत्तीसजणांना छत्तीस नावं ठेवली आणि मे महिन्यात त्यांना पुन्हा मातीत ठेवलं.